पिवळ्या कापडाचा खिसा

दुबईच्या करामा भागात आमचं कपडे ऑल्टर करायचं दुकान होतं, सलूनच्या शेजारी. पुरुषांची मापं हे घ्यायचे आणि मी पडद्याआड मशीनवर बसून आकडे वहीत लिहायचे. परक्या पुरुषासमोर माझ्या तोंडून शब्द निघत नसे. पण पडद्याआडून सगळं ऐकू येतं. आणि माणसाच्या पोटाचा घेर कळला की त्याच्या बढाया निम्म्या होतात.

कॅप्टनचा घेर सेहेचाळीस होता.

हा कॅप्टन आपल्याकडचाच, मराठी बोलणारा. पूर्वी सैन्यात होता म्हणे. आता दुबईत बसून आफ्रिकेतल्या लढायांना माणसं पुरवायचा. तिथे हिऱ्यांच्या खाणी, खाणींपायी सरकार आणि बंडखोरांची लढाई, आणि खाणवाल्यांनी ठेवलेले भाड्याचे शिपाई. कॅप्टन त्यांना शिपाई म्हणत नसे. ‘सिक्युरिटी स्टाफ’ म्हणायचा. त्यांचे युनिफॉर्म आमच्याकडे यायचे. मापात करायचे आणि खांद्यावरचे झेंडे-बिल्ले उसवायचे, म्हणजे माणूस कुठल्या देशाचा ते कळायला नको. मी ब्लेडने झेंडे काढायचे. ज्या लढाईला स्वतःच्या झेंड्याची लाज वाटते ती कसली लढाई, असं मनात यायचं.

“आमची गाडी दिसली ना, की अख्खं गाव पळतं तिथं,” कॅप्टन ह्यांना सांगायचा.

गावात असतात कोण? म्हातारी आणि पोरंबाळं. त्यांना पळवलं म्हणून हा छाती फुगवणार, आणि फुगायचं ते पोटच. हे हसून मान डोलवायचे, गिऱ्हाईक ना! मी मशीन जोरात चालवायचे.

त्या सगळ्यांत एकाच माणसाचा मला राग आला नाही. तो नेपाळी होता, बुटका, रुंद खांद्यांचा. हे चहाला गेले असताना आला आणि पडद्याबाहेरूनच म्हणाला, “दीदी, शर्ट के अंदर छोटा जेब बना दो. बेटी का फोटो रखना है.” हिरवं कापड संपलं होतं. माझ्या ब्लाउजचा पिवळा तुकडा उरला होता, त्याचाच खिसा मी आतून, डाव्या बाजूला शिवला. त्याने दोन बोटं आत घालून पाहिली, “बढिया, दीदी” म्हणाला आणि गेला.

पुढल्या वर्षी माझ्या दिरांनी कॅप्टनतर्फे आफ्रिकेत जायचं काढलं. पंधरा वर्षं सैन्यात नोकरी करून ते दुबईतच, रास अल खोरला, एका गोदामावर वॉचमन झाले होते. गावाकडे जाऊबाई आणि दोन मुली.

“वहिनी, इथं ट्रकवालासुद्धा ‘यल्ला, जल्दी गेट खोल’ म्हणून ओरडतो,” ते म्हणाले. “तिथं निदान सॅल्यूट मिळेल.”

“पण भाऊजी, लढाई कुणाची?”

“लढाई कसली? खाणीवर गार्ड ड्युटी. कॅप्टनसाहेब म्हणाले, इन्शाल्ला सहा महिन्यांत परत.”

ह्यांनी समजावलं, फोनवर जाऊबाई रडल्या. भाऊजी ऐकेनात. शुक्रवारी विमान होतं. गुरुवारी दुपारी कॅप्टन त्यांना घेऊन दुकानात आला, हातात युनिफॉर्म.

“एकदम नवं किट आहे,” तो म्हणाला. “जरा आत घ्या, की खलास. कागदावर सही इथंच करू.”

भाऊजींनी शर्ट चढवला. आरशासमोर ताठ उभे राहिले, चेहरा असा खुलला की पडद्याच्या फटीतून मला बघवेना. ह्यांनी खुणा करून शर्ट पडद्याआड दिला. मी तो उलटा केला.

आत पिवळा खिसा होता.

टाके माझेच. कापड माझंच. पाठीकडे हात फिरवला तर खांद्याखाली करंगळी जाईल एवढं भोक, कुणीतरी घाईघाईने रफू केलेलं. शर्ट इतका धुतला होता की फिनेलचा वास येत होता.

मी पडदा सारला. कॅप्टनसमोर मी त्याआधी कधीच उभी राहिले नव्हते.

“हा नेपाळी माणसाचा शर्ट आहे,” मी म्हटलं. “तो कुठे आहे?”

कॅप्टनने आधी ह्यांच्याकडे पाहिलं, जणू मशीनच बोललं. “कोण? हां, तो. नोकरी सोडून गेला घरी.”

“शर्ट ठेवून?”

“कंपनीची वस्तू असते हो, वहिनी.”

“आणि हे भोक?”

“तार लागली असेल. जंगल आहे ते, दुबई मॉल नाही.” तो हसला. आणखी कुणी हसलं नाही.

भाऊजींनी शर्ट माझ्या हातातून घेतला. सैन्यातला माणूस, त्यांना भोक समजावून सांगायला लागलं नाही. रफूवर अंगठा फिरवला. मग पिवळ्या खिशात बोटं घातली. खिसा रिकामा होता.

“साहेब,” ते म्हणाले, “माझी गोदामाची ड्युटी चारला सुरू होते. मी निघतो.”

“अरे, घाबरलास? फौजी ना तू?”

“फौजी आहे म्हणूनच.”

कॅप्टनचा चेहरा लाल झाला. “जा, गेटच उघड जन्मभर. तुझ्यासारखे शंभर मिळतात.” आणि हात पुढे केला. “शर्ट द्या.”

माणूस गेला याचं काही नाही, शर्ट मात्र हवा. त्या क्षणी माझी भीड पार गेली. “थांबा,” मी म्हटलं, आणि त्याच्यादेखत ब्लेडने खिसा उसवला, सावकाश, एकेक टाका. “हे कापड माझं आहे.” मग शर्ट त्याच्या हातात दिला. त्याने तो घडी करून पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घातला, नवा असल्यासारखा.

परत तो आमच्या दुकानात आला नाही. भाऊजींनी पुढे बरीच वर्षं ते गेट उघडलं आणि दोन्ही मुलींच्या लग्नात ते स्वतः उभे होते.

पण शर्टच्या आत, खिशाच्या जागी, सुईची भोकं राहिलीच असतील. कितीही धुतलं तरी ती बुजत नाहीत. पुढच्याने घालण्याआधी शर्ट उलटा करून पाहिला असेल का, कोण जाणे.