पडद्यातला वाक

मित्रहो, एका यःकश्चित वाकाने माझी मनःशांती हरपली आहे. संगणकावर विमान उडवायला मी भोरच्या घरात प्लायवूड वाकवून प्रोजेक्टरचा अर्धगोल पडदा केला. पण त्यावरची प्रत्येक धावपट्टी मधेच मुरडते!

आज पुन्हा प्लायवूड घासलं. वाक तसाच. शेवटी पडद्यासमोर ओळंबा सोडला, तर त्याची दोरीही वाकडी!

आमच्या सौ. हिर्डोशीच्या. म्हणाल्या, "अवो, ओळंबा कदी वाकतो व्हय? सरळच हाय की! आता पृथ्वीलाच रंधा मारा."

मी हसत उजवा डोळा मिटला. दोरी सरळ झाली. तो उघडून डावा मिटला. दोरी पुन्हा वाकली.

उद्या पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय. तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का? वाचता येईनासं होईल, याची मला फार भीती वाटतेय.