उक्त्यात गेलेला आवाज

आमचे हे गेले, त्यानंतर सहा महिने त्यांचा माल घरातच पडून होता. कंगवे, पिना, गाळण्या, आरसे, खेळण्यातल्या गाड्या, नाड्यांची बंडलं. हे अनसिंगच्या आणि आसपासच्या आठवडी बाजारांत मांडून विकायचे. माझ्याच्यानं ते फिरणं होईना. शेवटी मानोऱ्याकडच्या एका बाजारवाल्याला सगळं उक्तं देऊन टाकलं. उक्तं म्हणजे मोजणं नाही, निवडणं नाही. इसाराची नोट हातात घेतली की खोलीत दिसेल ते त्याचं. त्यानं माल गाडीत भरला आणि वरून ह्यांचा गिऱ्हाइकांना हाका मारायचा भोंगाही ठेवला. मी बघत होते. अडगळ गेली एकदाची, म्हणून त्याला चहासुद्धा पाजला. काय म्हणावं माझ्या डोक्याला!

पुढच्या बाजाराला मी भाजी घ्यायला गेले, तर कानावर आलं, "या मावशी, या ताई! काहीबी घ्या, दहा रुपये! पाह्याले पैसे नाही लागत!" ह्यांचा आवाज. त्याच्या मागोमाग माझाही आवाज आला, "जेवाले येता, का त्या भोंग्यालेच खाता?" हे भोंग्यात आवाज रेकॉर्ड करत होते तेव्हा मी मध्येच तडमडले होते. हे हसून म्हणाले होते, "राहू दे, गिऱ्हाईक हासते." ह्यांचा आवाज तेवढाच उरला होता. दुसरीकडे कुठं साठवून ठेवावा, हे सुचलंच नाही कोणाला.

तरातरा त्या बाजारवाल्याच्या दुकानापाशी गेले. म्हणायचं होतं, भाऊ, तेवढा भोंगा परत द्या. पण उक्त्यात दिलेलं मागायचं कोणत्या तोंडानं? आणि माझा स्वभाव हा असा, रडू आलं की मी भांडते.

"बंद करा तो आवाज! मेलेल्या माणसाले ओरडाले लावून राह्यले, लाज नाही वाटत तुमाले?"

तो बिचारा ओशाळला. "चुकलं, वहिनी. माह्या ध्यानातच नाही आलं." त्यानं भोंगा उचलला, लाल बटण दाबलं आणि तोंडापाशी धरून स्वतःच ओरडला, "या मावशी, या ताई!" मला कळून मी हात पुढं करेपर्यंत त्याचं म्हणून झालंही होतं.

"घ्या, पुसलं," तो म्हणाला. "याच्यात एकच मावते. आता नाही ऐकू येणार तुमाले."

"बरं केलं, भाऊ," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्यानं चांगल्या मनानंच केलं होतं.

भोंगा पुन्हा ओरडायला लागला. मी शेवटपर्यंत ऐकत उभी राहिले. जेवायला हाक मारणारं त्यात कोणी नव्हतं.