सॉफ्टवेअरला गुरुवार शिकवायचा राहिला

माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकायची असेल तर आधी चहा मागवा, कारण अजून ती मला कोरडी गिळवत नाही. आणि मध्ये हसायचं नाही. शेवटी हसा. तेव्हा मीही हसेन, नाइलाजानं.

मी शिरूरजवळच्या एका दूध शीतकरण प्लँटवर आयटी मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे खात्यात मी एकटाच. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच, कॅमेऱ्यावर कोळ्यानं जाळं केलं तरी मीच. पण कार्डावर 'मॅनेजर' छापलंय, आणि दौंडला माझ्या सासुरवाडीत ते कार्ड फ्रिजवर चिकटवून ठेवलंय. मान असतो हो जावयाला.

तर गेल्या वर्षी आमच्या चेअरमन साहेबांना कुणीतरी सांगितलं, की कुठल्याशा कारखान्यात व्हायरस शिरला आणि आठ दिवस सगळं ठप्प झालं. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "आपल्याकडं असलं काय व्हता कामा न्हाई. काय लागंल ते घ्या."

'काय लागंल ते घ्या' हे वाक्य आयटीवाल्याला जन्मात एकदा ऐकायला मिळतं. मी मायक्रो-सेगमेंटेशनचं सॉफ्टवेअर घेतलं.

नाव ऐकून घाबरू नका. प्लँटमधल्या सगळ्या मशीनी एकाच नेटवर्कवर असतात. एकीत चोर शिरला की त्याला सगळं घर मोकळं. हे सॉफ्टवेअर प्रत्येक मशीनभोवती वेगळं कुंपण घालतं. वजनकाट्यानं फक्त आवक विभागाच्या कॉम्प्युटरशी बोलायचं, गेटच्या कॅमेऱ्यानं फक्त सिक्युरिटीच्या टीव्हीशी. यादीत नाही ते बोलणं बंद. कल्पना झकास आहे, त्यात वाद नाही. फक्त ती यादी कोण करतो, यावर सगळं अवलंबून असतं. आमच्याकडं ती मी केली.

ते बसवायला पुण्याहून एक कन्सल्टंट आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, दुधाच्या वासानं नाकाला रुमाल. तो म्हणाला, "सर, आधी हे नुसतं बघत राहील. कोण कोणाशी बोलतं ते शिकेल. महिनाभर तरी शिकू द्या. आणि प्रत्येक खात्यातल्या माणसाला विचारून यादी तपासून घ्या."

"महिनाभर?" मी म्हणालो. "अहो, दहा-पंधरा मशीनी आहेत आमच्या. त्यात एवढं शिकण्यासारखं काय आहे?"

आणि विचारायचं कुणाला, सांगा बरं? आवकच्या मॅडमना, ज्या माउसला 'उंदीर' म्हणतात आणि त्यावर स्वतःच हसतात? की आप्पांना? आप्पा आमचे चिलर ऑपरेटर. दूध थंड करणारं ते अजस्र धूड गेली वीस वर्षं तेच सांभाळतात. शर्टाच्या खिशात टेस्टर, हातात बटणांचा फोन. ते आपणहून आले होते माझ्याकडं.

"साहेब, त्या पेटीला काय शिकवताय ते मला बी दावा की. चिलरचं समदं ठावं हाय मला."

"आप्पा, हे नेटवर्कचं आहे. तुमचं काम नाही."

"बरं," आप्पा म्हणाले आणि गेले. माणूस भांडला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी मी सॉफ्टवेअरला शिकायला बसवलं आणि बुधवारी संध्याकाळी त्याची शाळा सोडली. सहा दिवस. सातवा का नाही? कारण सातवा गुरुवार. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाइट बंद असते. ऑफिसला कुलूप, माझीही साप्ताहिक सुट्टी. अंधारात मशीनी एकमेकींशी काय बोलणार? असा मी विचार केला. पगार घेऊन केला, हे विशेष.

पुढच्या शुक्रवारी पहारा सुरू केला. आणि गंमत बघा, सोमवारीच आवकच्या मॅडमनी भाचीच्या लग्नाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह लावला. त्यातून व्हायरस आला. मॅडमचा कॉम्प्युटर गेला, पण शेजारच्या टेबलाला साधी धगसुद्धा लागली नाही. चेअरमन साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. कन्सल्टंटला तर मुद्दाम फोन करून सांगितलं, "सहा दिवस पुरले बरं का."

मग गुरुवार उजाडला. मी दौंडला, मेहुण्याच्या साखरपुड्यात, सूट घालून. फोन वाजला. आप्पा.

"साहेब, लाइट गेली. जनरेटर चालू झाला, पर चिलर उठंना."

तिथंच माझी चूक मला कळली. जनरेटर सुरू झाला की तो नेटवर्कवरून चिलरच्या पॅनेलला निरोप पाठवतो, की मी आलोय, आता चालू हो. हे बोलणं आठवड्यातून एकदाच होतं. गुरुवारी. माझ्या सॉफ्टवेअरनं ते कधी ऐकलंच नव्हतं, आणि न ऐकलेलं म्हणजे चोराचं. त्यानं इमानदारीत अडवलं.

"टाकीत दूध किती आहे?"

"आठ हजार लिटर. केंदूर, पाबळ, समद्या गावांचं सकाळचं. चार डिग्रीवर पायजे ते नवावर हाय. तासाभरात चिलर चालू न्हाई झाला तर ओतून द्यावं लागंल."

पेढ्यांची ताटं सरकवून मी टेबलावर लॅपटॉप उघडला. एक नियम बदलायचा, दोन मिनिटांचं काम. सॉफ्टवेअर म्हणालं, अनोळखी यंत्र, प्रवेश नाही. आणि मला आठवलं. नियम फक्त माझ्या ऑफिसातल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून बदलता येतील, अशी सोय मीच करून ठेवली होती. सुरक्षेसाठी.

तरी मी लॅपटॉपवरून प्रयत्न केला. माझ्या मोबाईलवरून केला. बायकोच्या मोबाईलवरून केला. सासऱ्यांचा मोबाईल मागितला.

"जावईबापू, काय ब्यांकेचं हाय का?"

"नाही मामा, जरा सिक्युरिटीचं."

मामांनी मोठ्या कौतुकानं फोन दिला. शेवटी नवरदेवाचाही घेतला. भटजी मंत्र थांबवून माझ्याकडं बघत होते.

मग आप्पांना म्हणालो, "माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर चालू करा, मी सांगतो तसं करा."

"ऑफिसात लाइट कुठंय साहेब? जनरेटर निस्ता प्लँटला आन् तुमच्या त्या पेटीला हाय. आन् कुलपाची चावी?"

चावी माझ्या सुटाच्या खिशात होती. दौंडला.

"टेंपरेचर अकरावर गेलं," आप्पा म्हणाले. "मी काय म्हणतो, पॅनेलची नेटवर्कची वायर काढू का? ती काढली की चिलर हातानं चालू करता येतोय. आधी आमी तसंच चालवायचो."

"आप्पा, वायरला हात लावायचा नाही. सगळी सिक्युरिटी मोडेल."

आप्पांनी विचारलं, "साहेब, आपल्याला राखायचं काय हाय, दूध का वायर?"

आणि माझ्या उत्तराची वाट न बघता फोन ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा आला. "चिलर चालू हाय. आकडा उतराय लागलाय. निवांत जेवून या."

जेवलो नाही. शरम वाटत होती, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी चेअरमन साहेबांनी मीटिंग बोलावली. मी रात्रभर बसून 'तांत्रिक अडचण' या शब्दाभोवती एक सुंदर भाषण रचलं होतं. पण साहेब फोन हातात घेऊनच आले. सॉफ्टवेअर दर आठवड्याला मालकाच्या फोनवर आपोआप रिपोर्ट पाठवतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी चष्मा लावला आणि इंग्रजी वाचत, मराठीत अर्थ लावत सुरुवात केली.

"या आठवड्यातले धोके. सोमवारचा व्हायरस दोन नंबरला हाय. एक नंबरला येक माणूस हाय. गुरुवारी आपल्या सिस्टीममधी घुसाय बघत व्हता. सतरा वेळा. येका लॅपटॉपवरनं आन् चार मोबाईलवरनं."

"पोलिसात द्या की त्याला," आवकच्या मॅडम म्हणाल्या.

"खाली नाव बी दिलंय," साहेब म्हणाले, आणि माझं नाव वाचलं. आडनावासकट.

आप्पा छताकडं बघत होते. मी घसा खाकरला. "साहेब, तो मीच. दूध वाचवत होतो."

"दूध आप्पांनी वाचवलं." साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "पर सॉफ्टवेअर चांगलं हाय. आपल्याला धोका कुणापासनं हाय, ते पयल्याच आठवड्यात बरोबर वळखलं त्यानं."

लायसन्स आणखी वर्षभर वाढवायचा ठराव तिथंच मंजूर झाला. एकमतानं. हात मीही वर केला होता.