सूर्यावरचे डाग

दुपारी बहिणीच्या शाळेत गेलो, तेव्हा सुनंदा मैदानात दुर्बीण लावून सूर्याचं प्रतिबिंब पांढऱ्या कागदावर पाडत होती. उजेडाच्या त्या चकतीवर दोन-तीन काळे ठिपके होते.

"बाई, काच पुसून घ्या, घाण बसलीय," शिपाईमामा म्हणाले.

तिने डोळ्याकडची काच हळूच फिरवली. ठिपके जागचे हलले नाहीत. "काचेवर असते तर काचेबरोबर फिरले असते, मामा. सूर्यावरच आहेत ते."

चारशे वर्षांपूर्वी दुर्बीण पहिल्यांदा आकाशाकडे वळली, तेव्हा चंद्रावर डोंगर दिसले, गुरूभोवती फिरणारे चंद्र दिसले आणि सूर्यावर हे डाग. आकाशात खोट असूच शकत नाही, असं मानणाऱ्या काही विद्वानांनी दोष काचेला दिला. मला त्यांचं नवल वाटत नाही. आमचे वडील गावाला देवासारखे होते. ते आईला मारायचे, हे त्यांच्या तेराव्याला सुनंदा बोलून गेली, आणि सगळ्यांदेखत मीच तिला म्हणालो, "तुझी नजरच वाईट." त्या विद्वानांना निदान तसं खरंच वाटत असेल. मला मात्र सगळं ठाऊक होतं.

"दादा, कागद धर जरा."

मी धरला. मग म्हणालो, "सुनंदा, आईच्या दंडावरचे वळ मीही पाहिले होते."

तिने मान वर केली नाही. एका डागाभोवती सावकाश पेन्सिल फिरवली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "हात हलवू नकोस."