अक्काच्या यादीवरची माझी सही

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं म्हणावं, तर मी लग्नच केलं नाही. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. तिला सांगायचा धीर झाला नाही. तुम्ही परके, म्हणून तुमच्यापाशी बोलतोय. स्वल्प, म्हणजे थोडं, समजून घ्या... नको, तेही नको. नुसतं ऐका.

आम्ही मूळचे निपाणीकडचे. पण बेंगळुरात इतकी वर्षं गेली की भांडतानासुद्धा निम्मं कन्नड येतं. अक्का बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. ती आल्यापासून तिथं कुणाचं बोटसुद्धा गेलेलं नाही, हे कामगारच सांगतात. अशा बाईनं छप्पन्नाव्या वर्षी ठरवलं की आपण एकटीनं युगांडाला जायचं. कशाला? तर डोंगरातले गोरिला बघायला. बस, एवढंच.

आणि तयारी काय सांगू तिची! यलो फीव्हरची लस घेतल्याशिवाय त्या देशात शिरूच देत नाहीत, म्हणून सगळ्यात आधी ती घेतली, तिचं पिवळं कार्ड फायलीत लावलं. मलेरियाच्या गोळ्या कधी सुरू करायच्या ते डॉक्टरांकडून लिहून आणलं. रक्तगट, विम्याचा नंबर, तिथल्या आपल्या वकिलातीचा फोन, सगळं एका कागदावर, आणि तो कागद तीन ठिकाणी. सवय व्हावी म्हणून घरीसुद्धा आठवडाभर उकळलेल्या पाण्यानं दात घासले. मी हसलो तर म्हणाली, "हस की. पोट माझं बिघडणार आहे, तुझं नाही."

कारखान्यात तिचा एक नियम आहे — जोखमीच्या कामात एकाची तपासणी धरायची नाही. एकानं बघायचं, मग दुसऱ्यानं पुन्हा बघून सही करायची. घरी दुसरा कोण? मीच. जायच्या आधीच्या रविवारी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर यादी ठेवली. प्रत्येक ओळीपुढे तिची सही झालेली होती, माझी व्हायची होती. ती चहा टाकायला आत गेली.

कसं सांगू... कार्ड फायलीत होतं. मी ते काढलं, खिशात घातलं, आणि त्या ओळीपुढे सही केली.

काळजीपोटी? तसं मी स्वतःला बरेच दिवस बजावलं. इथल्या विमानतळावरच अडवतील, मुकाट घरी येईल, तिचं काय नुकसान? पण ते खरं नव्हे. सगळी गल्ली तिचं कौतुक करत होती, आणि म्हैसूरला एकट्यानं जायचं म्हटलं तरी मी काहीतरी निमित्त काढून टाळतो. मी जळत होतो. आणि तीन आठवडे रिकाम्या घरात राहायचं मला भय वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

पण अक्काच ती. निघायच्या तीन दिवस आधी तिनं फाईल पुन्हा उघडली. मग घर उलथंपालथं झालं. मीही शोधत होतो बरं का — पलंग सरकवला, कपाटामागे हात घातला. शेवटी तिनं यादी घेतली, माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दिन्या, तू बघितलंस म्हणजे कार्ड होतंच. नंतर मीच कुठंतरी काढून ठेवलं असणार." तेव्हा बोलता आलं असतं, नाही का? मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती लसीच्या केंद्रावर गेली, त्यांच्या रजिस्टरमधली आपली नोंद शोधायला लावली, रांगेत उभी राहून दुसरं कार्ड घेऊन आली. गेली. गोरिला बघितले. साधी सर्दीसुद्धा न होता परत आली. मला इतका अभिमान वाटला तिचा, आणि तो कुठल्या तोंडानं सांगणार?

पहिलं कार्ड माझ्या पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये आहे.

आल्यापासून ती गॅस चारचारदा बघते. डॉक्टरांकडे जाऊन स्मरणशक्तीची तपासणी करून घेतली. सगळं ठीक आहे म्हणाले ते. तर ही विचारते, "मग कार्ड गेलं कुठं?" गेल्या महिन्यात ती आपणहून मॅनेजरकडे गेली आणि सांगून आली की माझ्या डोक्याचा आता भरवसा नाही, तपासणीचं काम दुसऱ्याला द्या. कुणी विचारलं नव्हतं. माणसांची बोटं आहेत, म्हणाली. जी चूक तिनं केलीच नाही ती तिनं मॅनेजरपुढे कबूल केली. आणि ज्यानं केली तो तिच्या हातची भाकरी खाऊन ऑफिसला जातो.

यंदा तिला नेपाळला जायचंय. पण एकटीनं नाही, मला घेऊन. शेजारच्या काकूंना परवा सांगत होती, दिन्या बरोबर असला की मला घोर नाही, त्याची नजर पक्की आहे. मी शेजारीच उभा होतो. मला हवं होतं ते झालं — अक्का आता एकटी कुठं जात नाही.