टपावरचं ऊन

खाडीकाठी एक मोठी गाडी येऊन थांबलीय. आत बिछाना, आत शेगडी, टपावर सोलर पॅनेल. मासे कुठे आहेत ते दाखवणाऱ्या यंत्राची बॅटरी उन्हावर भरत ठेवून गाडीवाला खुर्चीत चहा पीत बसलाय. माझ्या होडीतल्या दिव्याची बॅटरी मी सायकलला बांधून बाजारापर्यंत चार्जिंगला नेतो. ऊन माझ्याही डोक्यावर तेवढंच पडतं, पण राबतं त्याच्याकडे. माझ्या पोटात दुखलं. एखादा ढग यावा, असं मनात आलं, आणि खरंच आला.

"अहो, आभाळ भरलं," अंगणातून बायको ओरडली. "वाळत घातलेला जवळा उचला आधी."

तिकडे गाडीवालाही उठून वर बघत होता. त्याला काय ठाऊक, तो ढग मी मागितला होता.