मामांची शिंक

आयुष्यभर मुलांचे निबंध तपासलेल्या माणसाने उतारवयात स्वतःच निबंध लिहावयास बसावे, हे धाडस क्षम्य आहे की नाही, मला ठाऊक नाही. नसल्यास वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. कारण लिहावयाचे आहे ते माझ्याविषयी नसून माझ्या मामांविषयी आहे. आणि मामांइतक्या जोराने, इतक्या मनापासून व इतक्या अवेळी शिंकणारा पुरुष साऱ्या मध्यप्रांतात झाला नसेल, असे माझे नम्र मत आहे.

मामा नागपुरास महालात राहत. व्यवसायाने जोशी, लग्नामुंजींचे मुहूर्त काढून देत. मी शाळेत नुकताच मास्तर झालो होतो आणि त्यांच्याकडेच राहत असे. पंचांगाला विचारल्यावाचून मामांनी नखेदेखील कापली नाहीत. सोमवारी पूर्वेला दिशाशूळ, म्हणून पूर्वेकडच्या बाजारात जाताना ते आधी थोडे पश्चिमेला चालत आणि मग, जणू पंचांगाची नजर चुकवून, हळूच वळत. अशा माणसाने घरी मांजर पाळावे, हेच मुळात नवल. कळमेश्वरच्या कुणा यजमानाने दक्षिणेबरोबर संत्र्यांची टोपली पाठविली, तिच्या गवतात हे राखी रंगाचे पिलू निघाले. ज्या वेळेत कोणतेही शुभकार्य करू नये तिला पंचांगात भद्रा म्हणतात. मामांनी मोठ्या कौतुकाने तेच नाव तिला ठेवले.

दुर्दैव असे की, मांजराचा केस मामांच्या प्रकृतीला सोसत नव्हता. भद्रा जवळ आली की त्यांचे डोळे गुंजांसारखे लाल होत, नाक वाहू लागे, आणि मग ती शिंक येई. तरी तिला दूर सारतील तर ते मामा कसले? उन्हाळ्यात वाळ्याच्या ओल्या ताटीमागची थंड जागा त्यांनी तिला दिली आणि स्वतः उकाड्यात बसले. इतर ऋतूंत ती उघड्या पंचांगावर झोपे. तिला उठवणे जिवावर येई, म्हणून मामा यजमानांना समोरच्या पानावरचे, पुढच्या पंधरवड्याचे मुहूर्त देत. चालू पंधरवड्याच्या पानावर भद्रा निजलेली असे. त्या काळी आमच्या ओळखीतली कित्येक लग्ने केवळ या कारणाने लांबली.

परंतु जोश्याने मुहूर्त सांगावा आणि त्याच क्षणी शिंकावे, यासारखा अपशकुन नाही. खाप्याचा एक विणकर मुलीच्या लग्नाचा मुहूर्त घ्यावयास आला असता नेमके तेच झाले. तो हात जोडून म्हणाला, "महाराज, शिंक झाली जी. आता ह्या मुहूर्तावर पोरीचं लगन कसं लावू?"

मामा गंभीरपणे म्हणाले, "अगा, ती शिंक माझी नाही. मांजराची आहे."

"मांजर तं झोपून राहिली जी! शिंकले तं तुम्ही."

"उद्या म्हणतील, दक्षिणाही मांजराचीच," आतून मामी म्हणाल्या.

तेव्हा मामांना एक युक्ती सुचली. तपकिरीने आलेली शिंक शकुनात धरत नाहीत. त्यांनी तत्काळ कोनाड्यातली आपल्या वडिलांची चांदीची डबी आणली आणि चिमूट नाकाशी नेली. "तपकीर ओढतो गा मी. ही शिंक मोजायची नसते." विणकराचे समाधान झाले, मुलीचे लग्न झाले, संसारही सुखाचा झाला. तेव्हापासून डबी मामांच्या हातून सुटली नाही. ती रिकामी होती, हे मामा, मामी आणि मी, एवढेच जाणत होतो.

पुढे शिंकांचा दमा झाला. एका हिवाळ्यात मामा उशांना टेकून बसल्याबसल्याच झोपू लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की, मांजर घरात राहिल्यास पुढच्या हिवाळ्याची हमी देता येणार नाही.

"काहून जी, तुमचा जीव मोठा का मांजर मोठी?" मामी विचारीत.

"तू उगीच गरम होऊन राहिली. श्वास आहे तो. येतो, जातो."

खाप्याच्या त्या विणकराच्या घरी उंदीर खळ लावलेले सूत कुरतडत. तो आनंदाने भद्रेला न्यावयास तयार झाला. मामांनी मात्र तिच्या प्रयाणासाठी पंचांग उघडले आणि त्यात एकही दिवस सापडेना. खापे पडले उत्तरेला आणि मंगळवारी उत्तरेला दिशाशूळ, पुढे अमावास्या, मग ग्रहांचेच काही बरे नव्हते. अखेर एका सकाळी विणकर दारात असताना मामींनीच भद्रेला टोपलीत घालून वर फडके बांधले. त्याने टोपली उचलली, आणि मामा शिंकले.

"थांब गा! शिंक झाली. आज प्रयाण नाही!" मामांचा चेहरा असा उजळलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. विणकराने टोपली खाली ठेवली.

मामी त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या, "हातात डबी हाय न तुमच्या? तपकिरीची शिंक मोजत नाही, हे साऱ्यायले तुम्हीच सांगता न जी?"

"बराबर हाय," विणकर म्हणाला. "माह्या पोरीच्या वक्ती महाराजांनीच सांगतलं होतं."

मामांनी तोंड उघडले. डबी रिकामी आहे, एवढेच म्हणावयाचे होते; पण मग त्या डबीच्या भरवशावर दिलेले सारे मुहूर्त, त्या मुलीच्या लग्नासकट, खोटे पडले असते. त्यांनी डबी मुठीत मिटली. मग हळू म्हणाले, "हो. मोजत नाही. ने तिला. दूध कोमट करून देशील गा. थंड ती पीत नाही."

मामांचा दमा ओसरला, शिंका थांबल्या, यजमान वाढले. मामी ज्याला त्याला प्रकृती सुधारल्याचे सांगत आणि सांगताना पदराने डोळे पुशीत. मामा मात्र विचारणाऱ्याला सवयीने पुढच्याच पंधरवड्याचा मुहूर्त देत. चालू पानावर बोट ठेवायला त्यांचा हात धजत नसे.

काही वर्षांनी, मी वेगळे बिऱ्हाड केल्यावर, एका दुपारी त्यांना भेटावयास गेलो. ते एकटेच पंचांगापुढे बसले होते. त्यांनी डबी उघडली, तेव्हा तपकिरीचा तिखट वास माझ्यापर्यंत आला. डबी काठोकाठ भरलेली होती. तंबाखूला जन्मात न शिवलेल्या मामांनी चिमूट ओढली आणि पूर्वीसारखेच, घर दणाणून टाकीत, शिंकले. त्यांचे डोळे गुंजांसारखे लाल झाले. उपरण्याने ते टिपीत, पंचांगाच्या त्या मोकळ्या पानाकडे पाहत ते म्हणाले, "माझी नाही हं, मास्तर."

मामांना जाऊनही आता पुष्कळ काळ लोटला. शकुनशास्त्र मला कळत नाही. वाचकहो, ती शिंक कोणाची होती?